पडद्यावरचा शेतकरी आणि त्याची वही



रात्रीची जेवणं उरकली की हल्ली घरोघर दोन उजेड दिसतात. एक ओसरीवरच्या टीव्हीचा आणि दुसरा पोरांच्या हातातल्या मोबाईलचा. एकेकाळी पिक्चर बघायचा म्हणजे जत्रेची वाट बघावी लागे. तंबू टॉकीजची लॉरी गावात शिरली, भोंगा ओरडायला लागला, की जनावरांना वैरण टाकून माणसं लगोलग माळावर हजर. खाली नुसती माती, वर कापडाचं छप्पर, आणि मधेच फिल्म तुटली की सगळ्यांच्या शिट्ट्या. आपल्या महाराष्ट्रातल्या ह्या फिरत्या टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा एक माहितीपट निघाला आणि २०१६ साली तो पार फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. आता तंबू राहिले तुरळक. पिक्चर मात्र खिशात येऊन बसलाय.

मी काही चित्रपटांचा जाणकार नव्हे. कॅमेरा कुठं ठेवला होता आणि उजेड कुठून पाडला होता, ह्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण बैल खरा जुंपलाय की फोटोपुरता उभा केलाय, हे कळतं. नट खुरपं कसं धरतो हे कळतं. पेरणीच्या दृश्यात मागं उभं पीक डोलत असलं, तर ते कळायला पदवी लागत नाही. तेव्हा आज पडद्यावरच्या शेतकऱ्याबद्दल चार शब्द लिहितो. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर सरळ कळवा.

शेतकऱ्याचा पिक्चर बघताना मी चार गोष्टी बघतो. पहिली म्हणजे हात. हात कष्टाचे दिसतात की नाहीत? दुसरी, जनावर. गोठ्यातलं जनावर घरातल्या माणसासारखं आहे, की नुसतं शोभेला? तिसरी, बाई. घरची बाई शेतात राबताना दिसते, की नुसती ओट्याशी उभी राहून कारस्थानं करते? आणि चौथी, सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वही. ह्या माणसाला पेरायला किती लागले, हातात किती आले, कुणाचं किती देणं राहिलं, ह्याचा हिशोब पिक्चरमध्ये आहे की नाही? पहिल्या तिन्हींत पुष्कळ पिक्चर पास होतात. चौथीत भलेभले नापास होतात.

शंभर वर्षांची एकच वाट

शेतकरी आणि सावकार हा विषय पडद्यावर पहिल्यांदा कसून मांडला तो आपल्या कोल्हापूरकरांनी. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. तो मूकपट होता. नारायण हरी आपटे यांची गोष्ट, आणि त्यातला तरुण शेतकरी झाला होता व्ही. शांताराम. त्या काळात पडद्यावर देव, राक्षस आणि राजेमहाराजे यांची गर्दी होती. त्या गर्दीत ह्या माणसानं कुळवाड्याचं खोपटं आणून उभं केलं. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, अशी ती कथा. पेंटरांनी हाच विषय १९३६ साली बोलपटात पुन्हा केला.

पुढं १९५३ साली बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' आला. बलराज साहनीचा शंभू महतो आणि निरुपा रॉयची त्याची बायको. गावच्या जमीनदाराला गिरणी उभारायची आहे, आणि शंभूची दोन बिघे जमीन नेमकी मधे येते. शंभू विकायला तयार नाही. मग जमीनदार जुनं कर्ज काढतो. शंभूच्या हिशोबानं देणं होतं ६५ रुपये. जमीनदाराच्या वहीत ते निघालं २३५! घरातलं किडुकमिडुक विकून ६५ उभे केलेला माणूस कोर्टात उभा राहतो. कोर्ट कागद बघतं, आणि कागद जमीनदाराच्या बाजूचा असतो. तीन महिन्यांची मुदत मिळते. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढायला लागतो. बलराज साहनी हा शिकलेला, शहरातला माणूस. पण ह्या कामासाठी तो कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढायला शिकला होता. म्हणून त्याचं धापणं खोटं वाटत नाही. शेवटी जमीन जातेच. तिथं गिरणीचं बांधकाम चालू असतं. शंभू कुंपणाशी येऊन आपल्या रानातली मूठभर माती उचलतो, तर राखणदार तीही टाकायला लावतो. ह्या जागी आमच्या घरात कुणी बोलत नाही.

तिसरा पिक्चर अलीकडचा, म्हणजे २०१० चा. अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह'. बँकेचं कर्ज थकलंय, जमिनीचा लिलाव होणार आहे. नत्था नावाच्या शेतकऱ्याला कळतं, की आत्महत्या केली तर सरकार घरच्यांना एक लाख देतं. झालं! टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावात घुसतात. नत्था कुठं बसला, परसाकडं कुठं गेला, सगळं थेट प्रक्षेपण. हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. पण ह्या पिक्चरमधली माझ्या मनात रुतलेली गोष्ट नत्थाची नाही. त्यात होरी महतो नावाचा एक हाडकुळा म्हातारा आहे. तो एक अक्षर बोलत नाही, ऊन डोक्यावर घेऊन माती खणतो आणि विकतो. एके दिवशी त्याच खड्ड्यात तो मेलेला सापडतो. सगळे कॅमेरे नत्थाच्या दाराशी. त्यामुळं होरीला कुणी विचारत नाही. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या शेतकऱ्याचं नावही होरीच होतं. ज्यानं ते वाचलंय त्याला हे नाव ऐकून चटका बसतो. आणि नत्थाचं शेवटी काय होतं? तो शहरात एका बांधकामावर मजुरी करताना दिसतो.

आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. १९२५ साली शेतकरी गिरणीत गेला. १९५३ साली रिक्षाला जुंपला गेला. २०१० साली बांधकामावर घमेली उचलायला गेला. मधे राज्य बदललं, सावकार जाऊन बँक आली, बैल जाऊन ट्रॅक्टर आला. पिक्चर काढणारे वेगळे, प्रांत वेगळे. गोष्टीची वाट मात्र तीच, गावातून शहराकडं जाणारी. पिक्चरवाल्यांना दुसरी गोष्ट सुचत नाही असं म्हणून हे सोडून देता येईल. पण आपल्या गावातली कुलपं लागलेली घरं मोजली, की तसं म्हणवत नाही.

अंगठा

'मदर इंडिया' माहीत नाही असं घर खेड्यात सापडणार नाही. मेहबूब खान यांनी १९५७ साली तो काढला. त्याआधी १९४० साली त्यांनीच हीच गोष्ट 'औरत' ह्या नावानं केली होती. दोन्हींत सुखीलाला सावकार झाला होता एकच माणूस, कन्हैयालाल. सतरा वर्षांनी बाकी सगळे नट बदलले, सावकार तोच राहिला! त्याचा तो गोड बोलून गळा कापण्याचा ढंग दुसऱ्याला जमलाही नसता.

नर्गिसनं खांद्यावर नांगर घेतला ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे. आईनं पोटच्या पोरावर गोळी झाडली, तेही सगळ्यांना आठवतं. पण त्या सगळ्या रामायणाचं मूळ कशात आहे, हे कुणाला विचारा. फार थोडे सांगतील. मूळ आहे ५०० रुपयांच्या कर्जात. सासूनं लग्नासाठी ते काढलं आणि कागदावर अंगठा उठवला. सुखीलालानं कागदावर काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. पंचायत बसली, तर कागद सावकाराच्या बाजूनं. पिकाचे चार वाटे, त्यातले तीन व्याजात जाणार आणि मुद्दल तसंच उभं. म्हणजे चार पोती झाली तर तीन पोती सुखीलालाच्या बैलगाडीत, आणि वर्षभर खायला एक पोतं. पुढचं सगळं दुःख ह्या एका अंगठ्यातून उगवलेलं आहे. बिरजू पुढं सावकाराच्या वह्या जाळतो. पण वही वाचायला शिकणं आणि वही जाळणं ह्यांत फरक आहे. जाळून एका रात्रीचं समाधान मिळतं.

अंगठ्याची अशीच एक गोष्ट 'मंथन'मध्ये आहे. श्याम बेनेगल यांनी १९७६ साली तो काढला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. गुजरातेतल्या दूध सोसायट्यांवरचा हा पिक्चर, आणि त्याचा पैसा कुणी घातला माहीत आहे का? गुजरातेतल्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये. असे दहा लाख रुपये झाले. मग आपला पिक्चर कसा झालाय, ते बघायला हीच मंडळी ट्रक भरभरून आली. पिक्चर पुन्हा धुऊनपुसून नवा केला, आणि २०२४ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. दोन रुपयांच्या वर्गणीनं इतका लांबचा पल्ला गाठलेला दुसरा पिक्चर मला ठाऊक नाही.

'मंथन'मध्ये बिंदू झाली आहे स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी. पण त्यात ती शेण काढते, दूध काढते, भांडते, आणि कुठंही नटी वाटत नाही. गावात दूध घेणारा एक खासगी व्यापारी आहे, मिश्राजी. अमरीश पुरी. तो मनाला येईल तो भाव देतो. शहरातून आलेला डॉक्टर राव, म्हणजे गिरीश कर्नाड, दुधाची फॅट तपासतो आणि फॅटप्रमाणं पैसे द्यायचं बोलतो. सगळं भांडण ह्याच्यावरून पेटतं. पिक्चरमध्ये बॉम्ब नाही, पिस्तूल नाही. नुसती फॅट मोजायची नळी, आणि तिनं गावातली सत्ता हलवली! ज्यानं डेअरीच्या रांगेत उभं राहून आपल्या दुधाची फॅट कमी लागल्याचं ऐकलंय, त्याला हा पिक्चर समजावून सांगावा लागत नाही. मात्र ह्याच बिंदूला वाचता येत नसल्याचा फायदा घेतला जातो. डॉक्टरवर आळ घेणाऱ्या कागदावर तिचा अंगठा उठवून घेतात.

म्हणजे पेंटरांच्या पिक्चरात खोटा कागद, 'मदर इंडिया'त अंगठा, 'दो बीघा'त २३५ ची वही, 'मंथन'मध्ये पुन्हा अंगठा. मंडळी, आता आपण सगळे सही करतो. पण अंगठा गेला असं समजू नका. तो आता मशीनवर लागतो. मोबाईलवर सहा आकडी नंबर येतो, आणि समोरचा म्हणतो, "काका, तो नंबर सांगा बरं." आपण सांगतो. कशासाठी ते विचारत नाही. इंग्रजीतला फॉर्म असतो, पेन्सिलीनं फुल्या मारून दिलेल्या असतात, तिथं आपण सह्या करतो. पीकविमा असो, कर्ज असो, ठिबकचं अनुदान असो. तेव्हा पोरांबरोबर 'मदर इंडिया' बघा. नांगराच्या दृश्याला डोळे पुसा, पण पंचायतीच्या दृश्याला पोरांना विचारा, "ह्या म्हातारीनं काय करायला हवं होतं?" पाचवीतलं पोरगंसुद्धा बरोबर उत्तर देईल.

बैल, बाप आणि बायको

मराठी पडद्यानं फेटेवाला पाटील आणि फडावरची लावणी इतकी वर्षं दाखवली, की शहरातल्या माणसाला वाटावं, खेड्यात कुणी शेती करतच नाही. मला त्या पिक्चरांचा राग नाही. आमची जवानी त्यांच्यावरच गेली. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, इतकं त्यांचं काम खरं. आणि जब्बार पटेल यांच्या 'सामना'त ह्याच निळूभाऊंनी साखर कारखान्याचा धनी असा उभा केला, की गावोगावच्या माणसांना आपलाच कुणीतरी दिसला. पण बांधावरचा साधा शेतकरी मराठी पडद्यावर नीट यायला बराच काळ जावा लागला.

२००८ साली मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' आला. जुन्नरकडचा मुलूख, बटाट्याची शेती. टिंग्या नावाचा लहान पोरगा आणि चितंग्या नावाचा त्याचा बैल. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून चितंग्या जायबंदी होतो, उठत नाही. लागवड तोंडावर आलेली. बापाला दुसरा बैल हवा, आणि पैसा नाही. चितंग्याला विकायचं म्हणजे कसायालाच. पोरगं विचारतं, की शेजारची म्हातारी आजारी आहे, तिला दवाखाना आणि आमच्या बैलाला कसाई, असं का? ह्या प्रश्नाला बापाकडं उत्तर नाही. पिक्चर काढणाऱ्यानंही उगाच उत्तर चिकटवलेलं नाही. मला हा पिक्चर आवडला तो एवढ्यासाठी, की त्यातला बाप दुष्ट नाही. तो पोराला मारतो तेव्हासुद्धा त्याच्या डोक्यात हिशोब चालू असतो. टिंग्या झालेला शरद गोयेकर हा मेंढपाळाच्या घरचा पोरगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ह्या पिक्चरनंतर, २०१५ पासून, महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीला कायद्यानं बंदी आली. म्हणजे टिंग्याच्या बापापुढचा प्रश्न आज वेगळा झाला. म्हातारा बैल विकता येत नाही आणि पोसायचं कसं ते कळत नाही. पिक्चरला कुणी दुसरा भाग काढणार असेल, तर विषय तयार आहे.

२००९ साली सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. विदर्भातला कापूसवाला शेतकरी किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, आणि त्याची बायको अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी. शेजारचा शेतकरी जीव देतो, आणि अलकाच्या मनात भीती बसते. किसना गप्प बसला की तिला धडकी. ती लहान पोराला त्याच्या मागं पाठवते. सासूला लक्ष ठेवायला सांगते. घरात दाणा नसताना नवऱ्याचं मन रमावं म्हणून गोडधोड करते. किसनाला कळत नाही, की आज सणवार नसताना हे काय चाललंय! तो पेरतो, पाऊस दडी मारतो. पुन्हा पेरतो, मग नको तितका कोसळतो. आपल्याकडं शेतकऱ्याच्या मरणावर भाषणं फार झाली. पण त्या घरातली बाई रात्री जागी राहून नवऱ्याचा श्वास ऐकते, हे ह्या पिक्चरनं दाखवलं. मी म्हणतो, हा पिक्चर बायकांनी आधी बघावा आणि मग पुरुषांना बघायला बसवावं.

आणि पिक्चर बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. घरातलं कुणी असं गप्प गप्प राहायला लागलं, जेवणावरून उठायला लागलं, तर गोडधोडानं भागत नाही. शेजारी बसून सरळ विचारावं. विचारल्यानं वाईट विचार वाढत नाही, मन मोकळं होतं. सरकारनं २०२२ पासून टेलि-मानस म्हणून फुकट फोनची सोय केली आहे. नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

टीव्हीवरचं गाव

आता थोडं टीव्हीकडं वळू. शेतकऱ्यांसाठी 'कृषिदर्शन' सुरू झालं २६ जानेवारी १९६७ ला, तेही दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांपुरतं. आपल्याकडं मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि मग 'आमची माती आमची माणसं' घराघरांत पोचलं. कुणी म्हणेल, त्यात काय करमणूक होती! बियाणं, खत, कीड आणि एक साहेब समोर बसलेले. पण त्यात एक गोष्ट होती. आपल्यासारखा माणूस, आपल्यासारखं बोलणारा, टीव्हीत बसलेला दिसायचा आणि त्याला कुणी हसत नसे. २६ मे २०१५ पासून 'डीडी किसान' म्हणून शेतीचं वेगळं चॅनेल आलं. चांगलं झालं. पण घरातला रिमोट कुणाच्या हातात असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मालिकांतल्या गावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. वाडा असतो, अंगणात तुळस असते, ट्रॅक्टर असतो, पण त्याच्या चाकाला चिखल नसतो. घरातली सून पहाटे भरजरी साडीत उठते आणि रात्री त्याच साडीत झोपते. वीस माणसांच्या त्या घरात शेतावर कोण जातं, हे तीनशे भाग झाले तरी कळत नाही. रात्री लाईट येते म्हणून मोटर चालू करायला मध्यरात्री उठून गेलेला माणूस एकाही भागात दिसला नाही. खुरपणीला बायका मिळत नाहीत म्हणून कुणी हवालदिल झालेलं नाही. ज्या घरात पैसा कुठून येतो ते दिसत नाही, त्या घरातल्या भांडणांनी आमच्या घरात मात्र भांडणं लागतात. सासवा-सुनांनी मालिका जरूर बघावी, पण जाहिरात लागली की एकमेकींशी चार शब्द बोलावं. एवढ्यानं निम्मं विष उतरतं.

ह्याला एक चांगला अपवाद सांगतो. २०२० साली मोबाईलवर 'पंचायत' नावाची हिंदी मालिका आली. उत्तरेकडचं फुलेरा नावाचं गाव. गावची प्रधान आहे बाई, मंजू देवी, पण सगळा कारभार तिचा नवरा बघतो. मीटिंगला तोच, सहीला तोच, मानाच्या खुर्चीवर तोच. आपल्याकडच्या सरपंचपतींना आरशात बघितल्यासारखं वाटावं! पहिल्या हंगामाच्या शेवटी २६ जानेवारीला झेंडावंदन तिच्या हातून व्हायचं ठरतं, आणि ती राष्ट्रगीत पाठ करायला बसते. नीना गुप्तांनी ते अवघडलेपण आणि मग आलेला धीर असा दाखवलाय, की आमच्या घरातल्या बायकांनी ते दोनदा बघितलं. कुणाचा अपमान न करता चिमटा कसा काढावा, ते ह्या मालिकेकडून शिकावं.

साहेबाची हजार एकर

शेवटी एक गमतीची गोष्ट. आमच्या पुतण्यानं मोबाईलवर एक इंग्रजी मालिका दाखवली. नाव 'क्लार्कसन्स फार्म', २०२१ साली आलेली. तो भाषांतर करायचा आणि आम्ही बघायचो. जेरेमी क्लार्कसन म्हणून एक विलायती गृहस्थ आहे. मोटारींचे कार्यक्रम करून जगभर नाव कमावलेला. त्याची ऑक्सफर्डशायरमध्ये हजार एकर जमीन. कसणारा माणूस निवृत्त झाला, तेव्हा साहेब म्हणाला, मीच करतो शेती, त्यात काय अवघड! आला एक भला मोठा लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर घेऊन. तो इतका मोठा, की शेडमध्ये मावेना. पेरणीच्या दिवसांत पाऊस थांबेना, वाफसा येईना. नंतर पाऊस हवा तेव्हा आकाश कोरडं. गावातला केलेब नावाचा एक तरुण पोरगा त्याला दिवसभर शिव्या घालतो, की असं कुणी नांगरतं का? आमच्या ओसरीवर हशा पिकला. पाऊस काय आणि शेतीतला अडाणीपणा काय, सातासमुद्रापलीकडंही सारखाच!

पण मी सावरून बसलो ते वर्षअखेरीला. त्याचा शेतीचा सल्लागार कागद घेऊन टेबलाशी बसतो आणि सगळी बेरीज-वजाबाकी करून सांगतो, की वर्षभराचा नफा १४४ पौंड. हजार एकर, लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टर, बारा महिन्यांची धावपळ, आणि हातात आपल्याकडचे त्या वेळच्या भावानं साधारण चौदा-पंधरा हजार रुपये! साहेबाचं पोट दुसऱ्या धंद्यावर आहे, म्हणून तो हसू शकला. शेजारच्या शेतकऱ्यांचं काय होत असेल, हे त्यानंच बोलून दाखवलं. करमणुकीच्या कार्यक्रमात शेतीचा ताळेबंद असा आकड्यानिशी मांडलेला मी पहिल्यांदा बघितला. शहरातल्या लाखो लोकांनी तो बघितला, आणि भाकरीमागं काय असतं ते त्यांना कळलं. हे काम आपल्याकडं कुणीतरी मराठीत करायला हवं. कांदा, सोयाबीन, ऊस, दूध, कशावरही करा. एक हंगाम, एक कुटुंब आणि शेवटी खरी वही. नटनटी नसल्या तरी चालतील. आम्ही बघू.

हे सगळं मी का लिहिलं? आमची पोरं आता शेतीतून पाय काढायचं बोलतात. शेतकरी नवरा नको, असं मुली उघड म्हणतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग? पडद्यावर त्यांनी एक तर रडणारा शेतकरी बघितलाय, नाही तर वाड्यातला पाटील. ह्या दोहोंच्या मधला, चुकत-माकत हिशोब जुळवणारा, एका वर्षी बुडणारा आणि दुसऱ्या वर्षी सावरणारा माणूस त्यांनी पडद्यावर बघितलेलाच नाही. तो त्यांच्याच घरात आहे. पण आपणही आपली वही पोरांपुढं उघडत नाही. शेतावर काय खर्च झाला, ते बायकोलासुद्धा सांगत नाही. मग पोरगं शेतीत राहो की शहरात जावो, ते निदान आकडे बघून ठरवू दे. पिक्चर बघून ठरवायला नको.

म्हणून ह्या आठवड्याला एवढंच करा. वर सांगितलेल्यातला एक पिक्चर घरच्या सगळ्यांनी मिळून बघा. संपल्यावर एकच प्रश्न विचारा, "ह्या माणसाला शेवटी किती राहिले?" आणि मग जमलं तर आपल्या रानाचा ह्या हंगामाचा हिशोब सगळ्यांसमोर मांडा. तुम्ही कोणता पिक्चर बघितला, घरात काय बोलणं झालं, ते पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या खेपेला मेंढपाळांवरचा 'ख्वाडा' आणि तुमची पत्रं, दोन्ही बघू.

राम राम.